चातुर्मासातले खड्डे

माळावरची वस्ती, निपाणीजवळ
ता. २८ नोव्हेंबर १९१५

चि. पारिसा यास राजमती आक्काचे आशीर्वाद.

पत्र उघडलंस म्हणजे राग निम्मा तरी उतरला असं धरून लिहिते. उतरला नसेल तर ब्राह्मीकडे दे. ती मोठ्यानं वाचील, आणि तू पाठ फिरवून, ऐकत नसल्यासारखा, सगळं ऐकशील. लहानपणापासून तुझी हीच तऱ्हा.

आधी तुझ्या आवडीचं सांगते. तू बोललास तेच खरं झालं. माझ्या हातानं लिहून देते आहे, पण म्हणून फुगू नकोस. गेल्या आठवड्यात कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास सुटला, आणि काल बाळगोंडा काकांनी झाडांच्या खड्ड्यासाठी पहिली कुदळ मारली. कुदळ उडून माघारी आली. पावसाळ्यात टाचेनं उकरत होता तोच हा मुरूम, आता कुदळीतून ठिणग्या काढतोय.

पुढचं ब्राह्मीसाठी लिहिते, कारण तू तिला तुझ्या बाजूचंच सांगितलं असणार. ब्राह्मी, गेल्या वर्षी पुरानं आमचं नदीकाठचं गाव नेलं हे तुला ठाऊकच आहे. सरकारनं वर माळावर तात्पुरती जागा दिली. मामलेदारसाहेब यंदा येऊन बघून गेले आणि म्हणाले, या उघड्या माळावर माणूस राहील कसा? पुढच्या सालच्या दसऱ्याला परत येतो. तोवर वस्तीत झाडं धरलेली दिसली तर जागा राहण्याजोगी आहे असं वर लिहीन आणि गावठाण कायम होईल. नाहीतर घरं आसपासच्या चार गावांत वाटून देऊ. तेव्हा ही झाडं म्हणजे आमची हौस नव्हे. झाडं राहिली तर गाव राहील.

आषाढात देवळाच्या झोपडीपुढं सगळे बसले होते. तुझा नवरा म्हणाला, माती ओली आहे तोवर खड्डे काढून रोपं लावा. काका म्हणाले, “पिकासाठी नांगर धरतो ते पोटासाठी. ते कुणाला सुटत न्हाय. पर सावलीसाठी चातुर्मासात भुई फोडायची? पावसाच्या मातीत किती जीव असत्यात, बघितलाईस कधी? पौर्णिमा होऊ दे, मग खड्डे काढू.” यावर तुझा नवरा सगळ्यांदेखत म्हणाला, “मग पाणीबी तुमचं शास्त्रच घालंल झाडास्नी!” काका आमच्या वडिलांच्या जागी. त्यांनीच याला बेळगावला शाळेला घातलं, नाहीतर हा कोर्टात कारकून कुठला होतो! काका उठले आणि याच्याकडं न बघता म्हणाले, “ह्याला सांगा, परत तोंड दाखवू नगंस म्हणावं.” यानं चपला पायात घातल्या आणि चालता झाला.

पारिसा, आईनं मागून हाक मारली होती. ती तुला ऐकू आली होती. एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

रोपं मात्र तयार आहेत. बायकांनी पावसाळाभर फुटक्या मडक्यांत चिंच, करंज, कडुलिंब, जांभूळ वाढवलेत. पुरानंतर गावाला फुटक्या मडक्यांचा तोटा नाही. शेजारच्या मराठ्यांच्या अंबुबाईनं तर पौर्णिमेची वाट बघितलीच नाही. तिला कुठला आपल्या जैनांचा चातुर्मास? आषाढातच तिनं आपल्या दारात उंबराची फांदी खोवून टाकली. आम्ही आता वरातीमागून घोडं हाणतोय. पण हाणतोय.

माझं म्हणशील तर मला हा माळ सोडायचा नाही. कुडाच्या खोलीत पोरं पाट्या घेऊन बसतात आणि मला ‘बाई’ म्हणतात. विधवा झाल्यावर आश्रमात जी अक्षरं शिकले ती कुणाच्या तरी उपयोगी पडताहेत. गाव फुटलं तर पोरंही पांगतील.

आई मजेत आहे. उत्तर पाठव. नाही पाठवलंस तरी मी लिहिणार, माझी खोड तुला ठाऊक आहे.

तुझी आक्का


माळावरची वस्ती
ता. २० जानेवारी १९१६

चि. पारिसास आशीर्वाद.

तुझं उत्तर नाही. बरं. मीच लिहिते.

रोपं लावून झाली. बाभळीच्या काट्यांची कुंपणं झाली. आता सगळा खेळ पाण्याचा. वर विहीर खणायला गेले तर काळा खडक लागला, म्हणून पाणी खालच्या गावातल्या जुन्या विहिरीवरूनच आणायचं. चढण तू पाहिली आहेस. भरली घागर डोक्यावर घेऊन चढलास की तुझं इंग्रजी सुटेल.

त्यात आमचं सोवळं. विहिरीवर पाणी गाळून घेतलं तरी वाटेत विसावा घेत वर येईस्तोवर दोन घटका होऊन जातात, म्हणजे ते पुन्हा गाळायचं. तू म्हणशील, झाडाला कशाला गाळून? अंबुबाईनंही हेच विचारलं. काका म्हणाले, “पाणी आपुन काढलं, तवा त्यातलं जीव आपल्या हवाली झालं. त्यास्नी तापल्या मुरमावर वतायचं व्हय?” मग गाळण्यावर राहिलेली ती जिवाणी तांब्यातल्या पाण्यात उतरवायची आणि ज्या विहिरीतलं पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडायची. पुढच्या खेपेला जाताना तांब्या न्यायचा हे सोपं. पण दिवसाच्या शेवटच्या खेपेची जिवाणी राहते, तिच्यासाठी नुसताच तांब्या घेऊन कुणीतरी उतरायचं. ते कुणीतरी म्हणजे मी. पोरंबाळं नाहीत, चूल आई बघते, मग मीच.

अंबुबाईला यात भारी गंमत वाटते. “म्हंजे राजाक्का, पाणी चढतंय सासरला आणि त्यातलं किडं माघारी जात्यात म्हायेराला!” मला राग यायला हवा होता. मी हसले.

परवा उतरताना माझा पाय मुरगळला. मी वाटेवरच बसले, तांब्या धरून. डोळ्यांत पाणी आलं, दुखण्यानं नव्हे, दिवस मावळत चालला होता म्हणून. अंबुबाई सरपण घेऊन येत होती. भारा टाकला, माझ्या हातातला तांब्या काढून घेतला आणि म्हणाली, “बस तू गप. तुझ्या पाव्हण्यांस्नी मी पोचवून येते.” आणि खरंच गेली. मुकाट्यानं एवढी उतरण उतरून गेली आणि परत येऊन म्हणाली, “पोचली समदी. खुशाल हाईत.” पारिसा, पुराआधी आपल्या आळीतून तिच्या आळीत ताकसुद्धा जात नव्हतं. वरच्या वस्तीत हे असं झालंय. म्हणून मला ती फुटायला नको आहे.

बाळगोंडा काका स्वतः कावडीनं पाणी आणतात. या वयात. कुणी कावड घ्यायला गेलं तर देत नाहीत. तुझं नाव घेत नाहीत, पण परवा देवळातून येता येता मला विचारलं, “बेळगावचं टपाल बंद पडलंय का काय?” मी म्हटलं, टपाल चालू आहे काका, लिहिणारा बंद पडलाय.

काही रोपांनी माना टाकल्यात. करंज तग धरून आहेत. आईचे गुडघे थंडीनं जरा धरलेत, काळजीचं काही नाही.

राजमती


माळावरची वस्ती
ता. १४ एप्रिल १९१६

चि. पारिसा यास,

तुझं कार्ड आलं. दहा महिन्यांनी भावाचं अक्षर दिसलं म्हणून आधी कपाळाला लावलं, मग वाचलं, आणि मग वाटलं कपाळाला लावायची घाई झाली. ‘अक्षय तृतीया झाली की गाडी पाठवतो. आई आणि तू निघून या. तिथं काही उगवणार नाही हे मी आधीच सांगितलं होतं.’ बास, एवढंच? खडेबाजारातल्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकणं किती सोपं!

पण तू विचारलं नाहीस तरी खरी हकीगत लिहिते. खोटं लिहून तुझ्यापुढं काय मोठेपणा मिळवायचा?

झाडं गेली. जांभळं आधी गेली, मग चिंचा, मग कडुलिंब. खालची विहीर तळाला लागली आणि काकांनी सांगितलं, आता आधी माणसं, मग जनावरं, उरलं तर झाडं. उरलं नाही. बायका रोज संध्याकाळी वाळलेल्या काड्यांना उगीच हात लावून बघतात, हिरवं निघतंय का. देवळाजवळचे थोडे करंज आहेत, पाचोळ्यागत पानं घेऊन. आणि अंबुबाईच्या दारातला उंबर आहे. तो मात्र तिच्या भांडी घासलेल्या पाण्यावर असा माजलाय की बघत राहावं. आता गंमत बघ, माळावर एकच झाड जोमानं धरलं, आणि ते नेमकं असं की ज्याचं फळ, आत किडे असतात म्हणून, आपल्यात कुणी हातात धरत नाही. काका त्याच्याकडं बघतात आणि पुढं जातात.

विहिरीवर एक दिवस भांडणही झालं. पाण्यासाठी नव्हे, तुझ्यासाठी. कुणीतरी म्हणालं, पारिसाचं ऐकलं असतं तर आज सावली नसती का? बाळगोंडाच्या धर्मानं गाव बुडवलं, नदीनं निम्मं आणि यानं निम्मं. काका तिथंच कावड घेऊन उभे होते. त्यांनी ऐकून घेतलं. पाणी भरलं आणि चढायला लागले. त्यांची पाठ बघून मला तुझी फार आठवण आली. तू असतास तर भांडला असतास त्यांच्या बाजूनं. हे मी पैजेवर सांगते.

आता दुसरं खरं. आई मजेत आहे असं मी लिहीत आले. आई मजेत नाही. आषाढापासून तिनं एक बोचकं बांधून उशाशी ठेवलंय. त्यात तिचं एक लुगडं, जपमाळ आणि तुझ्या मुलासाठी शिवलेली कुंची आहे. मुलाला आता कुंची लहान होईल, हे मी तिला सांगत नाही. रोज म्हणते, “पारिसाला एकदा बगू दे.” मी म्हणते, जा ना, आठ दिवस राहून ये. मग म्हणते, “तुला हितं एकटी टाकून? न्हाय गं.” म्हणजे माझ्या हट्टापायी ती अडकली आहे. मला हे कळतं. रोज कळतं.

तरी मी येत नाही. तुझ्या घरी मला अन्नवस्त्राला कमी पडणार नाही, ब्राह्मी चांगल्या मनाची आहे. पण तिथं मी माजघरात बसलेली तुझी विधवा बहीण. इथं मी इथली बाई आहे. तू पुरुष आहेस, तुला या दोन्हींतला फरक सांगून कळेल की नाही, माहीत नाही. मला दसऱ्यापर्यंत मुदत दे. साहेब येऊन ‘नाही’ म्हणाले तर मी स्वतः गाडीत बसेन, भांडणार नाही, रडणार नाही. त्याआधी गाडी पाठवू नकोस. पाठवलीस तर रिकामी परत येईल आणि बैलांना उगीच ताप.

राजमती


माळावरची वस्ती
ता. १८ जुलै १९१६

चि. पारिसा,

आज घाईत लिहिते आहे, अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस. हाताला माती आहे. का, ते वाच.

यंदाही बायकांनी मडक्यांत रोपं केली होती. पाऊस लागला, रोपं वीतभर झाली, पण खड्ड्यांचं नाव कुणी काढत नव्हतं. काढणार कोण? आषाढी चौदस आली. दरवर्षीप्रमाणे सगळे देवळात जमले आणि चातुर्मासाचे नेम घ्यायला लागले. कुणी पालेभाजी सोडली, कुणी एकवेळ जेवण घेतलं, मी दही सोडलं. काकांची पाळी आली. जमीन न उकरण्याचा नेम बहुतेकजण घेतात, काका तर तरुणपणापासून घेत आलेत, शेतीपुरती सूट ठेवून. यंदा त्यांनी हात जोडले, आणि नेम घेतलाच नाही. देवाला नमस्कार केला आणि बाहेर आले. आम्हाला वाटलं, वय झालं, विसरले.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवताना ते कुदळ घेऊन माळावर गेले.

मी पोरांना घेऊन तिकडूनच येत होते. धावतच गेले. म्हटलं, काका, चातुर्मास लागला. म्हणाले, “ठाव हाय मला.” तोवर लोक जमले. कुणी हात धरायला गेलं, तेव्हा काका म्हणाले, “गेल साली मी पाप टाळलं. त्यापायी रोपं मेली, बायकांच्या मानंचं काटं ढिलं झालं, आणि गाव उठायची पाळी आली. पारिसा बोलला ते तोंडानं वाईट बोलला, पर बोलला ते खरं हुतं. आता ह्या सालचं पाप माझं एकट्याचं. ज्यांनी नेम घेतलाय त्यांनी कुदळीला हात लावायचा न्हाय.”

तेव्हा अंबुबाई पुढं आली, पदर खोचला आणि म्हणाली, “आमास्नी कसला नेम न्हाय. सरका.” तिच्यामागं मराठ्यांचे गडी आले.

पण काकांचं खणणं बघायला तू हवा होतास. कुदळ अशी धरतात की मातीला दुखू नये. एक ढेकूळ निघालं की खाली बसतात, हातानं कुस्करतात, आतलं गांडूळ, गोगलगाय, मुंगळा, जे असेल ते बोटावर घेऊन लांब ओल्या गवतात ठेवतात, मग दुसरं ढेकूळ. एका खड्ड्याला निम्मी सकाळ. अंबुबाई कावली. “आवो मामा, अशानं दसरा न्हवं, शिमगा उजाडंल!” काका म्हणाले, “उजाडू दे.” थोड्या वेळानं बघते तर तीही एक गांडूळ चिमटीत धरून ठेवायला जागा शोधतेय, तोंडानं शिव्या देत. मग आमच्या जैनांच्या बायापोरांनी तेच काम घेतलं. नेम न खणण्याचा आहे, जीव उचलून ठेवायला कुणाची आडकाठी? मराठे खणतात, आम्ही वेचतो, काका दोन्ही करतात. माझ्या हाताची माती ती ही.

आता एक गोष्ट. काकांनी मला सांगू नकोस म्हणून आईला बजावलं, आईनं तुला कळवू नकोस म्हणून मला बजावलं, म्हणून तुला कळवते आहे. त्या सकाळपासून काकांनी मीठ सोडलंय. भाकरी, आमटी, सगळं अळणी. आईनं विचारलं, किती दिवस? म्हणाले, “पारिसाच्या हातनं पानात पडंल तवर.”

मी तुला ये म्हणत नाही. तुला अपमान झाला आणि तो खरा होता. पण आता तू काय करावंस हे तुला कळत नसेल, तर तुला शाळेला घालून उपयोग झाला नाही.

आक्का


माळावरची वस्ती
ता. ११ ऑक्टोबर १९१६

चि. पारिसा,

तू आला नाहीस. श्रावण गेला, पर्युषण गेलं, दसरा गेला. कोर्टात रजा मिळत नाही असं ब्राह्मीनं लिहिलं. तिनं लिहिलं, तू नाही, यावरून मी काय ते ओळखलं. भीती वाटते ना? एवढा ताठ गेलेला माणूस परत कसा यायचा? मला कळतं. मीही त्याच घरची आहे.

असू दे. आता ऐक. काल साहेब आले.

घोड्यावरून उतरले आणि सगळी वस्ती पायी फिरले. आम्ही सगळे मागोमाग, पोरांनासुद्धा ओरडायचं भान नाही. रोपं गुडघ्याला लागली आहेत पारिसा. सगळी नाहीत, पण रांगा दिसतात, ही चिंचांची, ही कडुलिंबांची. साहेबांनी एका रोपाला धरून जरा ओढून बघितलं. रोप हललं नाही. दुसरं बघितलं, तिसरं बघितलं. मग देवळाजवळचे करंज बघितले आणि विचारलं, ही आधीची का? काका म्हणाले, “गेल सालची. बाकीची मेली. चूक माझी हुती.” साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. पुढं अंबुबाईच्या दारात उंबर डोक्याच्या वर गेलाय, त्याच्या सावलीला बाज टाकून त्यांना बसवलं. हे कुणी लावलं? अंबुबाई म्हणाली, “मी लावलं, साएब. खरकाट्या पाण्यावर वाढलंय. पर मीच एकटी खाते, ही माणसं त्येच्या फळास्नी हात लावत न्हाईत.” साहेब मोठ्यानं हसले. आणि हसता हसताच म्हणाले, गावठाण कायम करायला लिहितो. विहिरीसाठी सुरुंगाचा माणूसही मागतो.

आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. मला एवढा आनंद झाला की शाळेत जाऊन रिकाम्या खोलीत एकटीच उभी राहिले. आपण कुठं जाणार नाही, आपण इथलेच. हे मी मोठ्यानं म्हटलं, तुला सांगायला काय लाजायचं!

साहेब गेल्यावर काका देवळात गेले. बाहेर आले ते घरी न जाता आमच्याकडं आले. आईला म्हणाले, “वैनी, तुमचं ते बोचकं उशाला हाय न्हवं? घ्या. बेळगावला जायाचं.” मी म्हटलं, काका, महिनाभरात पौर्णिमा आहे. चातुर्मास सुटला की जा, आता कशाला प्रवास? चातुर्मासात तुम्ही कधी गावाची शीव ओलांडत नाही. ते म्हणाले, “राजमती, एकदा थांबलो, तेवढं बास झालं.”

मी जाऊन बोचकं आणलं.

तेव्हा शुक्रवारी पहाटे गाडी निघते. संकेश्वरावरून येतील, वाटेत मुक्काम करत, आणि रविवारी दुपारनंतर खडेबाजारात पोचतील. आईला दिवाळी करून, नातवाचे लाड करून परत पाठव. ठेवून घेऊ नकोस, ती आता या गावची आहे. मी येत नाही, पोरांची शाळा बुडेल. तूच कधीतरी ये आणि तुझ्या डोळ्यांनी बघ.

हे पत्र त्यांच्याआधी पोचावं म्हणून आजच निपाणीला माणूस पाठवते आहे. रविवारी तुला कोर्ट नाही, तेव्हा सबबी काढू नकोस. दिवस मावळायच्या आत जेवणं व्हायला हवीत. उशीर झाला तर काका तसेच उपाशी झोपतील आणि म्हणतील भूक नाही, म्हणून स्वयंपाक दुपारीच तयार ठेवा. पाणी ताजं गाळून ठेवा. काका दारात उभे राहतील. त्यांना आत ये म्हणायला वेळ लावू नकोस. ते माफी मागणार नाहीत, तूही मागू नकोस, तुम्हा दोघांनाही ते जमत नाही.

ब्राह्मीला सांग, काकांची आमटी अळणीच कर. भाकरीही अळणी. पान वाढून झालं की तिला बाजूला व्हायला सांग. मीठ तू वाढ.

राजमती